एकाच मेसमध्ये रोजा, एकादशी, आयंबिल आणि लेंट : कोणाला कधी काय वाढायचं?

विद्यार्थीभोजन

पुण्यातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहाची मेस आहे. पानं दोनशेच्या आसपास, मुलं-मुली दोन्ही. स्वयंपाकघर एकच आणि मुख्यतः शाकाहारी. अंडी आणि चिकन ठरलेल्या दिवशी वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत होतं. न्याहारी ७.३० ते ९, दुपारचं जेवण १२.३० ते २, रात्रीचं ८ ते ९.३०.

आत्तापर्यंत आमच्याकडे उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, केळं आणि ताक, एवढंच होतं. आता मुलं सगळीकडची येतात. मुस्लिम आहेत, वसईचे कॅथलिक आहेत, केरळचे आणि इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आहेत, जैन बरेच आहेत, बौद्ध आहेत, शीख आणि पारशी थोडे आहेत. २०२७ मध्ये रमझान आणि लेंट (ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ) दोन्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होत आहेत, त्यामुळे आधीच तयारी करायची आहे.

धर्मग्रंथात काय लिहिलं आहे यापेक्षा स्वयंपाकघराला काय माहीत हवं ते सांगा : वेळा, पाणी चालतं का, कोणते जिन्नस वर्ज्य, उपवास सोडताना काय, आणि आमच्यासारखे लोक नेहमी कुठे चुकतात.

---

हिलाल

रोजापासून सुरुवात करतो, कारण तुमचं वेळापत्रक सगळ्यांत जास्त तिथेच हलणार आहे.

रोजात जिन्नस वर्ज्य नसतात, वेळ वर्ज्य असते. पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं, सिगरेट सगळं बंद. पाण्याचा घोटही नाही. ही पहाट म्हणजे सूर्योदय नव्हे. क्षितिजावर पांढरा उजेड आडवा पसरू लागतो ती वेळ. सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली असतानाची वेळ धरून आपल्याकडची बहुतेक वेळापत्रकं छापलेली असतात, आणि ती सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी येते. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यात सहरी (रोजाआधीचं पहाटेचं खाणं) पावणेसहाच्या सुमारास संपते आणि इफ्तार (रोजा सोडणं) साडेसहाच्या थोडं पुढे होते. पुढे दिवस वाढत जातो तशा दोन्ही वेळा हलतात, म्हणून एकच वेळ महिनाभर फळ्यावर लिहून ठेवू नका.

वेळापत्रक पुण्याचंच लावा. मुंबईचं लावलंत तर इफ्तार तीन-चार मिनिटं उशिरा होईल, त्याने काही बिघडत नाही. पण पुण्यात पहाटही तेवढीच लवकर होते. म्हणजे मुंबईच्या वेळेप्रमाणे शेवटच्या मिनिटाला पाणी पिणाऱ्याचा रोजा इथे सुरू होऊन गेलेला असतो.

सहरी ४.४५ ते ५.३० द्या आणि गरम द्या. बऱ्याच मेस आदल्या रात्री डबा भरून देतात. नऊला भरलेला भात-डाळीचा डबा पहाटे पाचला उघडला तर आंबलेला असतो, आणि त्यानंतर दिवसभर पाणीही प्यायचं नसतं. पोट बिघडलं तर मुलाचे हाल होतात. माणूस उठवणं जमत नसेल तर निदान उकडलेली अंडी, दही, केळी, ब्रेड, दूध असं फ्रिजमध्ये ठेवा आणि तिथे एक शेगडी मोकळी ठेवा. लोणचं, पापड, शेव सहरीला नको, तहान लागते. भाकरी, चपाती, अंडी, डाळ, दही हे जास्त वेळ टिकतं.

इफ्तारला खजूर आणि पाणी सूर्य मावळण्याच्या पाच मिनिटं आधी प्रत्येकाच्या समोर हवं. वेळ झाल्यावर रांगेत उभं करू नका, कारण वेळ झाली की विनाकारण उशीर न करणं हाही आचाराचाच भाग आहे. माणशी तीन खजूर, कापलेली फळं, सरबत किंवा ताक एवढं पुरतं. मग मुलं मगरिबची नमाज पढून येतात, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जेवण त्यानंतर. भजी-समोसे रोज ठेवायचा मोह टाळा. दिवसभर रिकाम्या पोटावर तळलेलं पडलं की रात्री जळजळ होते. रात्री इशाच्या नमाजेनंतर तरावीह (रमझानमधली जादा नमाज) असते, त्यामुळे काही जण दहाच्या आधी परत येत नाहीत. त्यांचं ताट झाकून ठेवण्याची सोय हवी.

तारखेचं म्हणाल तर चंद्र दिसण्यावर आहे. शाबानच्या (रमझानच्या आधीच्या महिन्याच्या) २९ तारखेला संध्याकाळी चंद्र दिसला तर त्याच रात्री सहरी लागते, म्हणजे तुम्हाला सात-आठ वाजता कळेल आणि पहाटे पाचला जेवण द्यायचं असेल. सामान एक दिवस आधीच भरा. दाऊदी बोहरा मुलं असतील तर त्यांचं पंचांग गणिताने ठरलेलं असतं, त्यांचा रमझान बहुधा एक-दोन दिवस आधी सुरू होतो. शिया मुलं इफ्तार थोडी थांबून करतात, पूर्वेकडची लाली जाईपर्यंत.

आणि एक गोष्ट जपून करा. आजारी, प्रवासात असलेले, तसंच पाळी चालू असलेल्या मुली यांना रोजातून सूट आहे. पाळीत तर रोजा ठेवायचाच नसतो, ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. त्यामुळे रमझानमध्ये मुस्लिम मुलींचं दुपारचं जेवण सरसकट बंद करू नका, आणि जेवायला आलेल्या मुलीला "आज रोजा नाही का?" असं कोणीही विचारायचं नाही, हे वाढप्यांना स्पष्ट सांगा.

---

वसईकर

कॅथलिकांचं गणित सोपं आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. एक उपवास, दुसरा मांसत्याग.

उपवासाचे बंधनकारक दिवस वर्षात दोनच : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. २०२७ मध्ये १० फेब्रुवारी आणि २६ मार्च. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवण. शिवाय दोन वेळा थोडंसं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. पाणी, चहा, औषध चालतं. हा नियम १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत आहे, म्हणजे तुमची बहुतेक मुलं त्यात बसतात. मेसने काय करायचं, तर दुपारचं जेवण नेहमीचं आणि सकाळ-रात्र अर्ध्याहून कमी. बरीच मुलं पोटभर जेवण रात्री घेतात, तेव्हा आधी विचारा.

मांसत्याग वयाच्या १४ वर्षांपासून, वरचे दोन दिवस आणि लेंटमधले सगळे शुक्रवार. कोंबडी, बकरा, डुक्कर वगैरे बंद. मासे, अंडी, दूध, तूप चालतं. तुमचा चिकनचा दिवस शुक्रवार असेल तर ते सात आठवडे तो बुधवारी किंवा रविवारी घ्या, प्रश्नच मिटेल. फक्त पहिला बुधवार टाळा, तो राखेचा आहे. सूपसाठी चिकनचं पाणी वापरत असाल तर शुक्रवारी तेही नको.

लेंट राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतं. मधले सहा रविवार सोडले की ४० उरतात, रविवार उपवासाचा धरत नाहीत. या काळात मुलं स्वतःहून काही सोडतात. कोणी गोड, कोणी चहा, कोणी चाळीसही दिवस मांसाहार. हा ज्याचा त्याचा नेम आहे, त्याची यादी करायला जाऊ नका. प्रोटेस्टंट मुलांना असा नियम सहसा नसतो, काही जण स्वेच्छेने करतात. ख्रिश्चन आहे म्हणून शुक्रवारी सगळ्यांचं ताट बदलू नका.

---

मलबार_ते_मुळा

वसईकरांनी सांगितलेलं ऑर्थोडॉक्स मुलांना लावू नका. सगळ्यांत जास्त गडबड इथे होते.

इथिओपियन ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध, दही, लोणी, तूप यांतलं काहीच चालत नाही. प्राण्यापासून आलेला कुठलाही पदार्थ नको. वर्षभर जवळजवळ प्रत्येक बुधवार आणि शुक्रवार असा असतो, आणि ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. बरेच जण त्या दिवसांत पहिलं जेवण दुपारी तीनच्या सुमारास घेतात, तोवर काही खात नाहीत.

तुमची मेस शाकाहारी आहे म्हणून हे आपोआप जमेल असं वाटतं, पण जमत नाही. आपल्या शाकाहारी जेवणात दूध कुठे कुठे शिरतं ते बघा. वरणावर तूप, फोडणीत तूप, चपातीला वरून तूप, कोशिंबिरीत दही, कढी, पनीर, मसालेभातावर तूप, खीर, बेकरीच्या पावात आणि बिस्किटात दुधाची पावडर. उपाय एकच, वरण-भाजी तेलाच्या फोडणीची करा आणि तूप वेगळ्या वाटीत टेबलावर ठेवा. हे एकदा केलं की तुम्हाला त्यांच्यासाठी वेगळं शिजवावंच लागत नाही. मसूर, हरभरा, वाटाणा, कोबी-गाजर-बटाट्याची भाजी हे त्यांच्या रोजच्या खाण्यातलंच आहे. त्यांच्याकडे शिरो नावाचा पदार्थ असतो, भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचा, आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. पिठलं तेलात करून दिलंत तर आवडीने खातात.

केरळच्या ऑर्थोडॉक्स मुलांचा मोठा उपवास पन्नास दिवसांचा, नाताळच्या आधीचा पंचवीस दिवसांचा. मांस, मासे, अंडी बहुतेक सगळे सोडतात. दुधाबाबत घरोघरी वेगळं आहे, विचारूनच घ्या.

तारखाही वेगळ्या. इथिओपियाचा ईस्टर जुन्या ज्युलियन गणिताने येतो. २०२७ मध्ये कॅथलिकांचा ईस्टर २८ मार्चला आणि त्यांचा २ मेला. म्हणजे वसईच्या मुलांचं लेंट संपेल तेव्हा यांचं अर्धंही झालेलं नसेल. भारतातल्या ऑर्थोडॉक्स मंडळींपैकी बरेच जण मात्र नव्या कॅलेंडरप्रमाणे, कॅथलिकांबरोबरच ईस्टर करतात. एकाच शब्दाखाली तीन वेळापत्रकं आहेत, प्रत्येक गटातल्या एकाला बोलावून तारखा लिहून घ्या.

---

जिनवाणी

जैन मुलं बरीच आहेत म्हणता, तर थोडं सविस्तर लिहितो. खिचडी-बटाटा-केळं या ताटाचा जैन उपवासाशी काही संबंध नाही. उपवास म्हणजे अन्न पूर्ण बंद. शिवाय बटाटा कंदमूळ म्हणून एरवीही न खाणारे खूप. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, म्हणून तोही टाळणारे आहेत.

मुलं तुम्हाला जे शब्द सांगतील त्यांचा अर्थ असा :

नवकारशी : सूर्योदयानंतर ४८ मिनिटं काही नाही, पाणीही नाही. तुमची ७.३० ची न्याहारी यात बसते, थंडीत सूर्योदय सातच्या पुढे जातो तेव्हा मात्र ती मुलं आठला येतील.

बियासणं : दिवसात दोनदा बसून जेवण. एकासणं : एकदाच. दोन्हींत एका जागी बसून जेवायचं, उठलं की ते जेवण संपलं. मेसमध्ये हे वारंवार मोडतं. मुलगा बसला, पहिली पोळी वाढली, दुसरी यायला दहा मिनिटं लागली, किंवा त्यालाच उठून काउंटरवर जायला सांगितलं. तो उठला तर दिवसभराचं जेवण तेवढ्यावरच राहतं. त्याला एकाच वेळी भरलेलं ताट, पाण्याचं भांडं आणि जागेवर वाढणारा माणूस हवा. शेवटी ताट धुऊन ते पाणी पितात, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. ते ताट घाईने उचलू नका.

आयंबिल : एकासणंच, पण दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ, तळलेलं, फळं, हिरव्या भाज्या यांतलं काही नाही. हळद-तिखटही नाही. मीठ, मिरी, सुंठ, हिंग चालतं. उकडलेला मूग, कोरडी भाकरी, भात, भाजलेल्या पिठाची पेज असं. चैत्र आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची ओळी असते. कढईला कालच्या तेलाचा हात लागलेला असतो, म्हणून आयंबिलाचं भांडं वेगळंच ठेवा.

उपवास : आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून उपवासाच्या दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत, म्हणजे साधारण ३६ तास. तिविहार असेल तर दिवसा उकळलेलं पाणी चालतं, सूर्यास्तानंतर तेही नाही. चौविहार असेल तर पाणीही नाही. म्हणून आदल्या दिवशीचं संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत मिळालं की नाही यावर पुढचे दीड दिवस अवलंबून असतात. तुमचं रात्रीचं जेवण आठला सुरू होतं, ते त्यांच्या उपयोगाचं नाही. पर्युषणात (जैनांच्या पावसाळ्यातल्या उपवासपर्वात) ५.४५ ला ताट द्या.

पाण्याची कृती नीट करा, कारण "गरम पाणी" सांगितलं की गिझरचं कोमट पाणी आणून देणारे असतात. पाणी गाळून घ्यायचं, खळखळून तीन उकळ्या आणायच्या, परातीत ओतून झाकून आपोआप गार होऊ द्यायचं. बर्फ नाही, फ्रिज नाही, कच्चं पाणी एक थेंब मिसळायचं नाही. ज्या भांड्यात कच्चं पाणी होतं ते पुसून कोरडं करूनच वापरायचं. या पाण्याची मुदत ऋतूप्रमाणे असते : पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. पर्युषण पावसाळ्यात येतं, तेव्हा सकाळी सूर्योदयाच्या सुमारास उकळलेलं पाणी दुपारी तीनपर्यंत धरा, मग नवीन.

श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं, शेवटची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, स्थानकवासी आणि तेरापंथी यांची पंचमीला. म्हणजे पुण्यात गणपती बसतात त्याच्या आगेमागे. दिगंबरांचे दहा दिवस तिथून पुढे, पंचमी ते अनंत चतुर्दशी. सांगली-कोल्हापूरकडची मराठी जैन मुलं बहुधा दिगंबर असतात. दोन्ही गट असतील तर तुम्हाला सलग अठरा दिवस तयारी ठेवावी लागेल.

आता सर्वांत महत्त्वाचं, पारणं, म्हणजे उपवास सोडणं. एका उपवासाचं पारणं हलकं दिलं की पुरतं. पण कोणी अठ्ठाई (सलग आठ) केली असेल तर पहिल्या दिवशी मुगाचं पाणी, पातळ राब (पिठाची पेज), थोडं दूध, तेही थोडं-थोडं, दोन-तीन तासांनी. कौतुकाने शिरा, श्रीखंड, पुरी वाढणं धोक्याचं आहे. बरेच दिवस उपाशी शरीरात एकदम साखर आणि पिष्ट गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आठ किंवा जास्त दिवसांचा उपवास कोणी करत असेल तर वसतिगृहाच्या डॉक्टरांना आधी कळवा. त्यात त्याच्या श्रद्धेचा अवमान होत नाही.

---

विद्यार्थीभोजन

सगळ्यांचे मनापासून आभार. तूप टेबलावर ठेवण्याचं उद्यापासूनच करतो.

तीन शंका. आपल्या नेहमीच्या हिंदू उपवासाच्या ताटात काही चुकतं आहे का? शीख, पारशी, बौद्ध यांचं काय? आणि आमचे मुख्य आचारी मुस्लिम आहेत, ते रोजे ठेवतात. रमझानात भाजीची चव कोण बघणार?

---

फराळी

ताट बरोबर आहे, वेळा चुकतात.

एकादशीचा उपवास त्या दिवशी रात्री सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर, द्वादशी असेपर्यंत सोडायचा असतो. म्हणून एकादशीला रात्रीही फराळाचंच लागतं, आणि द्वादशीला सकाळी पोह्यांऐवजी वरण-भात मिळाला तर मुलं दुवा देतील. पंचांगात कधी दोन एकादश्या सलग दिसतात, स्मार्त आणि भागवत. वारकरी आणि वैष्णव घरातली मुलं भागवत धरतात.

संकष्टी उलटी. ती चंद्रोदयाला सुटते आणि मग पूर्ण जेवण असतं, वरण-भात-पोळीसकट. चंद्रोदय महिन्याप्रमाणे साडेआठ ते सव्वादहाच्या दरम्यान होतो. तुमची मेस साडेनऊला बंद होते. त्या एका दिवशी साडेदहापर्यंत उघडी ठेवा. श्रावणी सोमवार बहुतेक जण संध्याकाळी सोडतात. हरतालिकेला काही मुली पाणीही पीत नाहीत.

जिनसांत महाराष्ट्रात साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, सुरण, दाण्याचं कूट, जिरं, मिरची चालते. कोथिंबिरीबाबत घराघरांत फरक. हळद, मोहरी नाही. हिंगही नाही, आणि त्याला व्यवहारी कारणही आहे : बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. वरी काही घरांत एकादशीला चालत नाही, इतर उपवासांना चालते. उत्तरेकडच्या मुलांना साधं मीठ नको, सैंधव हवं. एका डब्यात सैंधव ठेवा, ते सगळ्यांनाच चालतं.

आणि भगरीबद्दल (वरी) हात जोडून सांगते. महाशिवरात्र आणि नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर, विशेषतः तिच्या दळलेल्या पिठावर बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. मळमळ, चक्कर, हातपाय थरथरणं काही तासांत सुरू होतं. सुटं पीठ आणू नका. बंद पाकिटातली, तारीख बघून घेतलेली अख्खी भगर आणा, निवडा, धुवा, पीठ हवं असेल तर त्याच दिवशी दळा, उरलेलं पाकीट पुढच्या सणासाठी ठेवू नका. दोनशे पानांच्या मेसमध्ये ही एक चूक फार महाग पडेल.

---

उपोसथ

बौद्ध मुलांपैकी जी उपोसथ पाळतात (पौर्णिमा, अमावास्या, दोन्ही अष्टम्या, बरेच जण फक्त पौर्णिमा) ती त्या दिवशी अष्टशील (आठ नियम) घेतात. त्यात मध्यान्हानंतर न जेवण्याचं शील आहे. दुपारी बाराच्या आत जेवण संपायला हवं. जेवणात काय असावं यावर बंधन नाही, नेहमीचंच ताट, फक्त ११.१५ ला. नंतर पाणी, गाळलेला फळांचा रस, बिनदुधाचा चहा चालतो. दूध अन्नात धरतात, म्हणून "संध्याकाळी ग्लासभर दूध तरी घे" असा आग्रह नको. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, त्या तीन महिन्यांत अशी मुलं जास्त दिसतील.

शिखांत उपवासाला धर्म म्हणून स्थान नाही, गुरूंनी तो पुरस्कारलेला नाही. त्यांना कुठल्याही दिवशी नेहमीचं ताट. अमृतधारी (दीक्षा घेतलेली) मुलं हलाल मांस खात नाहीत, हे मात्र लक्षात घ्या, कारण मुस्लिम मुलांना हलालच हवं असतं. चिकन एकाच प्रकारचं आणत असाल तर ते कोणतं आहे ते फळ्यावर लिहा.

पारशी धर्मातही उपाशी राहणं पुण्याचं मानत नाहीत. बहमन महिन्यात मांस सोडतात, शहेनशाही पंचांगाप्रमाणे तो साधारण ११ जून ते १० जुलै येतो. काही जण दर महिन्याच्या बहमन, मोहोर, गोश आणि राम या नावांच्या चार दिवशीही सोडतात. अंडी-मासे बहुधा चालतात, विचारा.

बहाई धर्माचं मूल असेल तर मार्चच्या सुरुवातीला १९ दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, पाण्याशिवाय. २०२७ मध्ये यातले पहिले दिवस रमझानबरोबरच येतात. सहरीच्या पंगतीतच सोय होईल, फक्त त्यांना सूर्योदयापर्यंत खाता येतं, म्हणजे सव्वा तास जास्त.

---

रेवदंडा

तुमच्या यादीत ज्यू नाहीत, पण पुणे, ठाणे, मुंबई आणि अलिबागकडची बेने इस्राएल मुलं कधीही येऊ शकतात, म्हणून लिहून ठेवते. मुख्य उपवास योम किप्पूर, कोकणात त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. सूर्यास्ताच्या आधीपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत, २५ तास, अन्न-पाणी दोन्ही बंद. २०२७ मध्ये १० ऑक्टोबरची संध्याकाळ ते ११ ची रात्र. त्यामुळे १० तारखेला पाचच्या सुमारास जेवण हवं : भात, डाळ, उकडलेलं काही, मीठ-मसाला बेताचा आणि पाणी भरपूर. तिखट आणि खारट जेवण वाढणं हीच नेहमीची चूक. चहा-कॉफी सवयीची असेल तर आधीचे दोन-तीन दिवस कमी करायला सांगा, नाहीतर दुपारी डोकं धरून बसतात. सोडताना आधी सरबत किंवा चहा, मग अर्ध्या तासाने जेवण. जिवाला धोका असेल तर उपवास सोडणंच धर्माने बंधनकारक केलं आहे. मधुमेहावर इन्सुलिन घेणारा मुलगा असेल तर त्याचे डॉक्टर आणि त्याच्या घरचे यांनी आधी बोलून ठेवलेलं हवं.

दुसरा मोठा उपवास जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाळ्यात येतो, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या स्मरणाचा. त्याला आमच्याकडे वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण म्हणतात. तोही तितकाच कडक.

---

हिलाल

आचाऱ्यांच्या शंकेचं उत्तर. हनफी मताप्रमाणे (पुण्यातले बहुतेक सुन्नी तेच) विनाकारण चाखणं नापसंत आहे, पण गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून, काही गिळू न देता थुंकून टाकून चूळ भरली तर रोजा मोडत नाही. भुलून काही खाल्लं गेलं तरी मोडत नाही, आठवल्याबरोबर थांबायचं. तरी त्यांच्यावर ती वेळच आणू नका. मीठ-तिखटाचं माप बांधून घ्या. रमझान लागायच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक भाजी-आमटी त्यांच्या हातची करून मीठ वजनावर तोलून लिहा, म्हणजे दहा किलो शिजलेल्या डाळीला किती, वीस लिटर आमटीला किती. मग चव बघायला रोजा नसलेला मदतनीस चालेल. बाजारच्या मसाल्यात मीठ असतं, पाकीट बदललं की माप पुन्हा तपासा.

आणि आचारी सहरीलाही उठणार, रात्रीचं जेवणही सांभाळणार असं होऊ देऊ नका. चुलीसमोर बारा-तेरा तास बिनपाण्याचे असतात. त्यांना दुपारी दोन ते साडेचार झोप मिळेल अशी पाळी लावा. इफ्तारच्या दहा मिनिटं आधी त्यांच्या हातातलं काम दुसऱ्याने घ्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा. बाकीची मुलं खजूर तोंडात टाकत असताना आचारी पोळ्या भाजत उभे असतात, हे बऱ्याच मेसमध्ये चालतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.